रहिमतपुरांतील मोठी पाटी

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालय, निदानपक्षीं महाबळेश्वर तरी उभें राहतें. आम्ही आज ज्या गांवाची हकीकत सांगणार आहों, तें या पंक्तीस बसणारें नाहीं. सातारा जिल्ह्यांत, कोरेगांव तालुक्यांत, कमंडलू नदीच्या कांठीं वसलेलें रहिमतपूर हें एक लहानसें गांव. पुणें-मिरज लोहमार्गावरून जाणाऱ्यानें स्टेशनाचें नांव वाचावें आणि पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घालावें, एवढाच बहुतेकांचा व त्याचा परिचय. आम्ही तेथें गेलों तें देखावे पाहावयास नव्हे; एका कौटुंबिक प्रश्नाचा निकाल लावण्याकरितां गेलों. प्रश्न टॅब्लेटचा होता. हल्लीं हातांत धरावयाच्या या पडद्याची ठराविक लांबीरुंदी पुरे आहे, कीं तो लॅपटॉपच्या पडद्याएवढा मोठा यावा, हा तो प्रश्न. वाचकांस तो क्षुल्लक वाटेल. आम्हांसही जातांना तसाच वाटला होता. परत येतांना वाटला नाहीं, म्हणून हा लेख.

रहिमतपुरास आमच्या थोरल्या काकूंचें घर आहे. घर म्हणजे जुना दोनचौकी वाडा. त्यांत आज लहानथोर मिळून बारा माणसें एका चुलीवर जेवतात. काकूंना घरांत आणि आळींत सारेच 'माई' म्हणतात. त्यांचें वय आज ८१ आहे. दुपारचीं जेवणें आटोपलीं, झांकपाक झाली, म्हणजे माजघरांत माईंचें वाचन सुरू व्हावयाचें, हा त्या वाड्याचा पन्नास वर्षांचा परिपाठ. सुना निवडणटिपण घेऊन बसत. शेजारच्या दोघीतिघी येत. शाळेस सुटी असली म्हणजे मुलेंही दाराआड उभीं राहत. मासिकांतली गोष्ट, एखादें चरित्र, कधीं नाटक, चातुर्मासांत पोथी, असा क्रम असे. त्या घरांतील सुनांना जें मराठी वाङ्मय ठाऊक आहे, त्यांतलें बरेंचसें त्यांनीं वाचलेलें नाहीं, ऐकलेलें आहे.

दोन वर्षांपूर्वीं हें वाचन बंद पडलें. माईंच्या डोळ्यांच्या मागील पडद्याचा मध्यभाग वयोमानानें झिजला. कडेचें दिसतें, परंतु ज्याकडे पाहावें तेंच पुसट होतें, असा हा विकार. चष्मा बदलून गुण येत नाहीं. (या विकाराचा एक प्रकार औषधाच्या सुईनें आटोक्यांत ठेवतां येतो, म्हणून सरळ रेघ वांकडी दिसूं लागल्यास घरच्या वडील माणसास विनाविलंब नेत्रवैद्याकडे न्यावें, हें प्रसंगानें सांगून ठेवतों.) गेल्या दिवाळींत माईंच्या पुण्याच्या नातवानें त्यांना दहा इंची टॅब्लेट आणून दिला, त्यांत पुस्तकें भरून दिलीं, अक्षरें मोठीं कशीं करावींत तेंही शिकविलें. चार दिवस माईंनीं तो हाताळला, आणि पांचव्या दिवशीं वस्त्रांत गुंडाळून देवघराच्या फडताळांत ठेवून दिला.

यावर घरांत दोन पक्ष झाले. नातवाचें म्हणणें, टॅब्लेट लहान पडला, मोठा आणूं. वडीलधाऱ्यांचें म्हणणें, आतां माईंचें मनच वाचनांतून उठलें, वय झालें, आणखी पैसे कशाला घालवा? शेवटीं आमचे चुलतबंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, त्यांनीं फोन केला: "तुमचें सारें काम अशाच पाट्यांवर चालतें. एकदां येऊन पाहा आणि काय तें सांगा." आम्हीं छपाईचीं मुद्रितें तपासण्याकरितां तेरा इंची टॅब्लेट बाळगतों, तो पिशवींत घातला आणि मार्गशीर्षांतल्या एका शनिवारीं पुण्याहून सकाळची गाडी धरली.

जेजुरी मागें पडली, नीरा ओलांडली, लोणंद गेलें, आणि सालप्याच्या पुढें आदर्कीच्या घाटांत गाडी वळणें घेऊं लागली. हा मार्ग पूर्वीं मीटर मापाचा होता. दोन रुळांमध्यें एक मीटर अंतर. १९७१ सालीं तो रुंद मापाचा झाला, म्हणजे तें अंतर १.६७६ मीटर झालें. त्यापूर्वीं मुंबईकडून येणाऱ्या उतारूस पुण्यास गाडी बदलावी लागे. ट्रंका, वळकट्या आणि निजलेलीं मुलें घेऊन एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जावें लागे. रूळ सव्वादोन फुटांनीं रुंद झाले आणि ही यातायात संपली. माप ही नुसती सोयीची गोष्ट नाहीं. कोण कोठपर्यंत विनासायास पोहोंचेल, हें पुष्कळदां मापावर ठरतें.

आमच्या समोर एक गृहस्थ वर्तमानपत्र चौघडी करून वाचीत होते. त्यांच्या शेजारीं कॉलेजांत शिकणारी एक मुलगी दहा इंची टॅब्लेटवर पाठ्यपुस्तक वाचीत होती. तिची खटपट आम्ही बराच वेळ पाहत होतों. दोन बोटांनीं ती पान ताणी, एक परिच्छेद वाची, पुन्हां पान आंखडी, आकृति शोधी, पुन्हां ताणी. विचारल्यावर म्हणाली, "पुस्तक ए-फोर कागदाचें आहे, येथें तें मावत नाहीं." मुलीचें म्हणणें हिशेबानें अगदीं बरोबर होतें. पडद्याचें माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकें सांगतात. त्या रीतीनें मोजलें, तर साडेपांच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असें आपलें नेहमींचें डेमी अष्टपत्री पुस्तक दहा इंची भरतें. साडेसात बाय दहा इंचांचें मासिकाचें पान साडेबारा इंची भरतें. आणि ए-फोर कागद सवाचौदा इंचांहून किंचित् अधिक भरतो. तात्पर्य, दहा इंची टॅब्लेट हें एक पुस्तक आहे, मासिक नव्हे, आणि शाळेची वही तर नव्हेच. समोरच्या गृहस्थांनीं पत्र चौघडी केलें होतें खरें, पण घरीं गेल्यावर तें चटईवर उलगडतां येतें. टॅब्लेटचें पान उलगडत नाहीं. घडी घालतां येईल असे पडदेही निघाले आहेत; २०१९ पासून फोनांत आणि २०२२ सालीं १७.३ इंची लॅपटॉपांत ते आले. पण सामान्य घराच्या आवांक्यांतले ते अजून नाहींत.

सातारा, कोरेगांव मागें टाकून रहिमतपुरास उतरलों. रिक्षानें जातांना दोन्ही बाजूंस ऊस उभा होता, कोठें तोड चालू होती, कोठें आल्याचे वाफे होते. वाड्यांत शिरतांच वहिनींनीं पायांवर पाणी दिलें, आणि जेवणांत कोरेगांवच्या वाघ्या घेवड्याची उसळ वाढली. या घेवड्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें धाकट्या चुलतबंधूंच्या सातवींतल्या मुलानें आम्हांस अभिमानानें सांगितलें.

माईंशीं बोलण्यास संध्याकाळपर्यंत सवड मिळाली नाहीं. दिवेलागणीनंतर त्या देवघरापुढें एकट्या बसल्या होत्या. आम्हीं टॅब्लेटची गोष्ट काढली, तेव्हां आधीं त्यांनीं उडवाउडवीच केली. "आतां काय वाचायचें राहिलें आहे?" म्हणाल्या. आम्ही कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें त्यांनीं आवाज उतरवला.

"तुला म्हणून सांगतें, बाळ, पोरांना सांगूं नको. त्यांनीं हौसेनें पैसे घातले. अक्षर मला दिसेल इतकें मोठें केलें, कीं त्या पाटीवर शब्द राहतात थोडे. ते वाचून पाटी सरकवावी, तों मागचे विसरून जातात. वाक्याचें क्रियापद येईपर्यंत कर्ता कोण होता तेंच आठवत नाहीं. हें वाचणें नव्हे रे, वेंचणें आहे. चौघांत बसून असें वाचायचें म्हणजे मुलें हंसतात. मग म्हटलें, नकोच तें."

फडताळांत गुंडाळून ठेवलेल्या त्या वस्तूचा उलगडा झाला. घरच्यांना वाटत होतें कीं, माईंना आतां वाचावेंसें वाटत नाहीं. खरी गोष्ट अशी होती कीं, माईंना वाईट वाचावेंसें वाटत नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादा आम्हांस गांव दाखवावयास घेऊन गेले. विजापूरच्या आदिलशाहींतील नामांकित सरदार रणदुल्लाखान याची कबर म्हणून येथें एक इमारत दाखवितात. जवळच जुनी मशीद आहे. महंमद आदिलशहाच्या कारकीर्दींत कर्नाटकाच्या मोहिमेवर शहाजीराजे ज्याच्याबरोबर गेले, तोच हा रणदुल्लाखान. परंतु आमचें लक्ष वेधलें तें मशिदीपासून थोड्या अंतरावर असलेल्या एका बांधकामानें. गांवांत त्यास 'हत्तीची मोट' म्हणतात. सुमारें ५० फूट उंचीचा हा भक्कम मनोरा. त्याच्या एका अंगास लांब उतरण बांधलेली. मोटेच्या दोरास हत्ती जुंपावयाचा, त्यानें उतरणीवरून चालत जावयाचें, म्हणजे पाणी वर चढावयाचें. आणि एवढ्या उंचीवरून तें सोडलें कीं मशिदीच्या कारंज्यास जोर मिळावयाचा, अशी ही योजना.

दादा म्हणाले, "केवढा हा खटाटोप! बैलाची मोट काय वाईट होती?" मळ्याला पाणी द्यावयाचें असतें, तर बैलाची मोट वाईट नव्हती. पण येथें पाणी पाटानें सोडावयाचें नव्हतें, कारंज्यांतून उडवावयाचें होतें. तें काम पंधरावीस फुटांच्या उंचीनें झालें नसतें. मोट किती मोठी असावी हें मोट पाहून ठरत नाहीं. पाणी कोठें न्यावयाचें आहे, त्यावरून ठरतें. या मनोऱ्याच्या सावलींत उभें असतां आमच्या प्रश्नाची मांडणी आम्हांस प्रथमच नीट कळली. टॅब्लेट मोठा असावा कीं लहान, हा प्रश्न अर्धवट आहे. कोणी, कोठें बसून, कितीजणांत वाचावयाचें, हें सांगितल्यावांचून त्यास उत्तरच नाहीं.

दुपारीं आम्हीं प्रयोग केला. माईंचें पोथी ठेवण्याचें घडीचें लाकडी व्यासपीठ माळ्यावर होतें. तें काढून पुसलें आणि चौरंगावर मांडलें. त्यावर आमचा तेरा इंची टॅब्लेट आडवा ठेवला. सातवींतल्या नातवास मोजणीचें काम दिलें. पुस्तकांतलें अक्षर लांबीरुंदीला चौपट केलें, तेव्हां माईंना तें स्पष्ट दिसूं लागलें. अक्षर चौपट झालें म्हणजे तेवढ्याच जागेंत मजकूर सोळावा हिस्सा उरतो. येथेंच सारी मेख आहे. मुलानें मोजून सांगितलें: दहा इंची पाटीवर एका वेळीं २० शब्द दिसतात, तेरा इंचीवर ३५. मापांत फरक तीनच इंचांचा. पण तें माप तिरकें असल्यामुळें क्षेत्रफळ ४६ चौरस इंचांवरून ८१ चौरस इंचांवर जातें. वीस शब्दांत मराठी वाक्य पुष्कळदां मावत नाहीं; पस्तीस शब्दांत बहुधा मावतें. आपल्या भाषेंत क्रियापद शेवटीं येत असल्यामुळें वाक्य एका नजरेंत मावणें याला फार महत्त्व आहे. शिवाय देवनागरी अक्षरास वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खालीं उकार व जोडाक्षराचे पाय. म्हणून ओळींमध्यें रोमन लिपीपेक्षां जागा अधिक सोडावी लागते. जो पडदा इंग्रजीस पुरतो, तो मराठीस तोकडा पडतो, याचें कारण हेंच.

काय वाचावें? आम्हीं मराठी विश्वकोशांतील एक नोंद उघडून दिली. विश्वकोशाचें हें थोर काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं याच जिल्ह्यांत, वाईस बसून केलें. पहिला खंड १९७६ सालीं निघाला. ते जाडजूड खंड मांडीवर घेणें माईंना दहा वर्षांपूर्वींच जड झालें होतें. आतां ती सारी सामग्री इंटरनेटवर आहे, आणि मजकूर अक्षराच्या मापाप्रमाणें ओळी बदलून घेतो. नोंद होती नाटककार वसंत कानेटकरांची. माईंनीं मान थोडी तिरकी केली, कारण त्यांना कडेच्या नजरेनेंच दिसतें, आणि पहिलें वाक्य मनाशीं जुळवलें. मग दुसरें मोठ्यानें वाचलें. स्वयंपाकघरांतलीं भांडीं थांबलीं. वहिनी ओल्या हातांनींच दाराशीं येऊन उभ्या राहिल्या.

"हे आपल्याच गांवचे बरें का," माई मध्येंच थांबून मुलांना म्हणाल्या. "१९२० चा जन्म. 'रायगडाला जेव्हां जाग येते' मीं याच जागीं बसून वाचलें होतें. तुझी आजी तेव्हां शेंगा फोडीत होती." शेजारच्या मुलीस उद्देशून हें होतें.

एकंदर दीड पान वाचून झालें. त्यास पाऊण तास लागला. माई थकल्या, डोळ्यांस पाणी आलें, उजेड कमी करावयास सांगितला, आणि कमी केल्यावर अक्षर फिकें झालें म्हणून पुन्हां वाढवावयास लावला. पूर्वींचा अस्खलित ओघ आतां नव्हता व तो येणारही नाहीं. परंतु वाक्यें पुरीं होत होतीं. कोणीही हंसलें नाहीं.

यानंतर आम्हीं आमच्या कामाच्या जुन्या मासिकांचीं छायाचित्रित पानें लावून पाहिलीं, आणि येथें आमची फसगत झाली. तेरा इंची पडद्यावर मासिकाचें पान आपल्या मूळ मापांत पुरतें मावतें. धडधाकट डोळ्यास तें कागदासारखेंच वाचतां येतें. माईंना मात्र त्याचा कांहीं उपयोग नाहीं. तें पान म्हणजे एक चित्र. तें चौपट केलें कीं ओळीचा जेमतेम तिसरा भाग समोर राहतो, आणि बाकीची ओळ डावीकडे-उजवीकडे ओढून आणावी लागते. सारांश, नुसता पडदा मोठा करून भागत नाहीं. मजकूरही वांकणारा पाहिजे. आपलीं जुनीं पुस्तकें छायाचित्रें काढून इंटरनेटवर ठेवणाऱ्या संस्थांचें काम मोठें आहे; तीं अक्षरशः टंकून ठेवलीं जातील, तेव्हां माईंसारख्या वाचकांचें दार उघडेल.

रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर चर्चेस रंग भरला. दादांचा पहिला आक्षेप असा: "एवढाच मोठा पडदा हवा, तर लॅपटॉपच घ्यावा. तो घरांत आहेच." आक्षेप सयुक्तिक दिसतो, म्हणून आम्हीं लॅपटॉपच व्यासपीठावर ठेवून दाखविला. त्याचा पडदा कळफलकास जखडलेला; त्यामुळें तो नेहमीं हातभर मागें राहतो. माईंना तो वीतभर अंतरावर हवा. मग त्यांनीं कळफलकावर ओणवें व्हावें कीं काय? दुसरें, लॅपटॉपचा पडदा सदैव आडवाच असतो. आपली पोथी आडवी, पुस्तक उभें. दोहोंस एकच पाटी चालावी, तर ती हवी तशी फिरवतां आली पाहिजे. आणि पान उलटावयास बोट पुरावें. ८१ वर्षांच्या बाईंना बाण हलविण्याचें कसब शिकवीत बसूं नये.

"मग टेलिव्हिजन?" धाकटे बंधु म्हणाले. टेलिव्हिजन दुरून चौघांनीं पाहावयाची वस्तु. ती माईंच्या मांडीजवळ येत नाहीं, आणि देवघरापुढें तर नाहींच.

तिसरा आक्षेप वजनाचा, आणि तो पूर्वीं खरा होता. २०१० सालीं निघालेला पहिला आयपॅड ९.७ इंची असून त्याचें वजन सुमारें ६८० ग्रॅम होतें. २०१५ सालीं सॅमसंगनें १८.४ इंची टॅब्लेट काढला, तो २.६५ किलो भरे. हातांत धरवेना आणि भिंतीवरही शोभेना, अशी त्याची अवस्था झाली, व तो रुजला नाहीं. मोठ्या टॅब्लेटचें नांव त्यामुळें वाईट झालें. परंतु त्याच वर्षीं आलेला १२.९ इंची आयपॅड ७१३ ग्रॅमचा होता, आणि २०२४ सालचा तेरा इंची ५७९ ग्रॅमचा आहे. म्हणजे मोठा पडदा आज पहिल्या लहान पडद्याहून हलका झाला आहे. सॅमसंगचा २०२२ सालचा १४.६ इंची टॅब्लेटही पाऊण किलोच्या आंतच आहे. तरीही, हलका झाला म्हणून रुंद वस्तु एका कडेस धरून बसतां येत नाहीं. मनगट भरून येतें. तिला टेकण हवेंच. व्यासपीठ आपल्या पूर्वजांनीं पोथीचा मान राखण्याकरितां केलें खरें, पण त्यांत मनगटाचाही विचार होता.

खरा आक्षेप वहिनींनीं घेतला. त्या आतांपर्यंत गप्प होत्या. "मोठा पडदा आला, कीं मुलें त्यावर सिनेमा पाहणार. माई वाचतील घटकाभर. उरलेला दिवस तो कोणाच्या हातांत जाणार, तें मला ठाऊक आहे. २०२० सालीं शाळा घरांत आली, तेव्हांपासून मीं हेंच पाहतें आहें." यावर आमच्याजवळ तयार उत्तर नव्हतें, आणि अजूनही पुरतें नाहीं. एवढेंच म्हणालों कीं, मुलें एकेकटीं कोपऱ्यांत जातात तीं लहान पडद्यापायीं. मोठा पडदा लपवून नेतां येत नाहीं. जो पडदा माजघरांत चौरंगावर राहतो, त्याच्यावर चौघांची नजर राहते. वहिनींचें पूर्ण समाधान झालें, असें आम्हांस वाटलें नाहीं. त्यांनीं एक अट घातली: पाटी माईंची, ती माजघराबाहेर जावयाची नाहीं, आणि रात्रीं देवघराच्या फडताळांत कुलपांत राहील. ही अट आमच्या सर्व युक्तिवादांहून शहाणपणाची होती.

निकाल असा ठरला. नातू म्हणत होता तो १४.६ इंची, भारी किंमतीचा टॅब्लेट आणूं नये. चित्रकारांकरितां व कचेरीच्या कामाकरितां त्यांत जीं सामर्थ्यें भरलेलीं असतात, त्यांचे पैसे माईंच्या वाचनापायीं कां भरावेत? साधा, तेरा इंचांच्या आसपासचा आणावा. दहा इंची पाटी सातवींतल्या मुलास शाळेकरितां द्यावी. पुस्तकाएवढें पुस्तक त्यास पुरे आहे. यंत्रें करणाऱ्यांनींही याची नोंद घ्यावी, असें आम्हांस वाटतें. आज बाजारांत मोठा पडदा बहुधा श्रीमंती कामाचा म्हणूनच मिळतो. मोठा परंतु साधा, हा प्रकार विरळा. जणूं मोठीं अक्षरें हवीं असणारा प्रत्येकजण धनिक कलावंतच आहे! वास्तविक चाळिशी उलटली कीं जवळचें दिसणें सगळ्यांचेंच कमी होऊं लागतें. मोठ्या पाटीचें गिऱ्हाईक घरोघर म्हातारें होत आहे. टॅब्लेट लॅपटॉपएवढे यावेत काय? आमचें उत्तर: अवश्य यावेत, पण ते खिशांत नेण्याकरितां नव्हेत, घरांत मांडण्याकरितां. लहान पाटी प्रवासाची, मोठी पाटी कुटुंबाची. एकीनें दुसरीची जागा घेऊं नये.

एक गोष्ट मात्र आम्हीं माईंना दिलेल्या शब्दाविरुद्ध केली. त्यांनीं वाचन कां सोडलें, तें आम्हीं दादांना सांगितलें. दादा बराच वेळ ओसरीच्या खांबाला टेकून बसले. "दोन वर्षें आम्ही सारे म्हणत होतों, माईंना आतां कंटाळा आला," एवढेंच ते म्हणाले. घरांतील वडील माणूस एखादी गोष्ट सोडून देतें, तेव्हां तिला वैराग्य समजून आपण मोकळे होतों. तें वैराग्य आहे, कीं वस्तूचें माप चुकलें आहे, हें विचारण्याचें आपल्याला सुचत नाहीं. हा दोष रहिमतपूरच्याच वाड्याचा नाहीं. आमच्या घरींही तो आहे, आणि वाचकांनीं रागावूं नये, पण त्यांच्याही घरीं तो असेल.

सोमवारीं सकाळीं परत निघालों. माई दाराशीं आल्या, हातावर दहीं घातलें, आणि आमची पिशवी उचलून पाहून म्हणाल्या, "जड आहे हो तुझी पाटी. पण चांगली आहे."

त्यास आतां दोन महिने झाले. नवी पाटी वाड्यांत आली आहे. दादांच्या फोनावरून कळतें कीं, दुपारीं अर्धा तास वाचन होतें. कधीं होत नाहीं. माईंचे डोळे थकले म्हणजे सातवींतला नातू पुढचें वाचतो, आणि त्याचे उच्चार चुकले कीं माई डोळे मिटल्या मिटल्या ते सुधारतात. पोथी मात्र त्यांनीं पाटीवर वाचावयाची नाकारली आहे. ती त्यांना पाठच आहे. कागद नुसता समोर लागतो.